खरखर संपवणारा माणूस

हॉस्टेलच्या खोलीत किंवा घरच्या हॉलमध्ये बऱ्यापैकी म्युझिक सिस्टीम लावायचा विचार तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात घोळत असणार. कुठलं अ‍ॅप घ्यायचं, स्पीकर ब्लूटूथचा की वायरचा, डॅक नावाचं प्रकरण खरंच लागतं का, 'लॉसलेस'साठी जास्तीचे पैसे मोजायचे का... मित्रांना विचारावं तर चार जणांकडून पाच उत्तरं मिळतात. ही खरेदी करण्याआधी एका माणसाची गोष्ट ऐका. त्याच्या काळात इंटरनेट नव्हतं, मोबाइल नव्हता, ट्रान्झिस्टरसुद्धा त्याच्या आयुष्याच्या अगदी शेवटी आला. पण हवेतून घरात येणारं संगीत स्वच्छ ऐकू आलं पाहिजे, हा हट्ट त्यानं धरला आणि तो पुरा करून दाखवला. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग त्याचं नाव. रिक्षात, बसमध्ये, टपरीवर वाजणारा एफएम रेडिओ ही त्याची देणगी.

मोटरसायकल विकली, शोध वाचवला

आर्मस्ट्राँगचा जन्म १८ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्कमधला. लहानपणी त्याला एक आजार झाला. त्यातून तो बरा झाला, पण मान आणि खांदा मधूनच झटकला जाण्याची सवय जन्मभर राहिली. शाळा काही काळ बुडाली, मुलगा एकलकोंडा झाला. पुढे कुटुंब हडसन नदीकाठच्या यॉन्कर्स गावात राहायला गेलं. तिथं घराच्या वरच्या खोलीत तारा, कॉइल आणि बॅटऱ्या घेऊन हा पोरगा तासन्‌तास बसे. मार्कोनीची बिनतारी संदेशाची कथा वाचून चौदाव्या वर्षीच त्यानं ठरवून टाकलं होतं, आपण संशोधक व्हायचं. घराच्या आवारात त्यानं स्वतःच्या हातानं सुमारे १२५ फूट उंच अँटेना उभारली. उंचीची भीती हा प्रकार त्याला ठाऊकच नव्हता.

कोलंबिया विद्यापीठात तो इंजिनीअरिंगला गेला. घर ते कॉलेज प्रवास लाल मोटरसायकलवरून. त्या वेळी 'ऑडिऑन' नावाची एक काचेची नळी मिळायची. ली डी फॉरेस्टनं ती बनवली होती, पण तिच्या आत नेमकं काय चालतं, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. आर्मस्ट्राँग ते मोजत बसला. १९१२ मध्ये त्याच्या लक्षात आलं, की नळीतून बाहेर पडणारा सिग्नल पुन्हा तिच्याच तोंडाशी आणून सोडला, तर तो फिरून फिरून प्रचंड वाढतो. कानाला फोन लावून कसाबसा ऐकू येणारा अटलांटिकपलीकडचा संदेश आता खणखणीत ऐकू येऊ लागला. तीच नळी थोडी पुढे रेटली, की ती स्वतःच रेडिओलहरी निर्माण करायची. म्हणजे रिसीव्हरही तीच आणि ट्रान्समीटरही तीच. तेव्हा तो अजून पदवीच्या वर्गात होता.

पेटंटसाठी पैसे लागणार होते. आधी पदवी घे, मग बघू, असं म्हणून वडिलांनी हात आखडता घेतला. पोरानं लाडकी मोटरसायकल विकली. तरी पैसे पुरेनात, तेव्हा निदान शोधाची तारीख तरी पक्की व्हावी म्हणून त्यानं सर्किटची आकृती काढून नोटरीकडून त्यावर शिक्का मारून घेतला. तारीख होती ३१ जानेवारी १९१३.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. अमेरिकी सैन्याच्या संदेशवहन विभागात असताना, पॅरिसमध्ये १९१८ साली त्याला दुसरी मोठी युक्ती सुचली. हवेतून येणारा सिग्नल कुठल्याही फ्रिक्वेन्सीचा असो, त्याला आधी एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आणायचं आणि मग तिथं निवांतपणे गाळायचं, वाढवायचं. याला 'सुपरहेटरोडाइन' म्हणतात. एका बटणानं स्टेशन बदलणारा घरगुती रेडिओ यामुळे शक्य झाला. नंतर कित्येक दशकं जगातले बहुतेक रेडिओ आणि टीव्ही याच तत्त्वावर चालले.

उंच टॉवर, मोठी दोस्ती

युद्धानंतर रेडिओचा धंदा फोफावला. आरसीए ही त्यातली सगळ्यात बलाढ्य कंपनी आणि डेव्हिड सार्नोफ हा तिचा उगवता कारभारी. सार्नोफ आणि आर्मस्ट्राँग यांची घट्ट मैत्री होती. आरसीएनं आर्मस्ट्राँगचे हक्क विकत घेतले, बदल्यात त्याला पैसा आणि एवढे शेअर मिळाले, की तो कंपनीचा सगळ्यात मोठा वैयक्तिक भागधारक झाला. सार्नोफच्या ऑफिसात मॅरियन मॅकिनिस नावाची सेक्रेटरी होती. आर्मस्ट्राँग तिच्या प्रेमात पडला. १९२३ मध्ये तो न्यूयॉर्कमधल्या आरसीएच्या उंच अँटेना टॉवरच्या टोकावर चढला, वर कसरती केल्या आणि त्याचे फोटो मॅरियनला पाठवले. सार्नोफ भडकला, मॅरियननं मात्र लग्नाला होकार दिला. लग्नाची भेट म्हणून त्यानं तिच्यासाठी सोबत नेता येईल असा सुपरहेटरोडाइन रेडिओ बनवला. हनिमूनला समुद्रकिनाऱ्यावर दोघांच्या मध्ये तो रेडिओ ठेवलेला, असा त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे.

याच वर्षांत त्याच्यामागे कोर्टाचं शुक्लकाष्ठही लागलं. ऑडिऑनच्या त्या पहिल्या शोधावर डी फॉरेस्टनं हक्क सांगितला. खटला वर्षानुवर्षं चालला आणि १९३४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं डी फॉरेस्टच्या बाजूनं निकाल दिला. आर्मस्ट्राँग त्याच वर्षी रेडिओ इंजिनीअरांच्या अधिवेशनात गेला. याच शोधासाठी त्यांनी पूर्वी दिलेलं पदक तो परत करणार होता. संस्थेनं ते घ्यायला नकार दिला आणि सभागृहातले इंजिनीअर उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. कायद्यानं काहीही म्हटलं, तरी सर्किट कुणाला समजलं होतं हे त्यांना माहीत होतं.

रस्ता रुंद करा

आता मुद्द्याची गोष्ट. तेव्हाचा सगळा रेडिओ एएम होता. एएममध्ये आवाजानुसार लहरीची उंची कमी-जास्त होते. गोची अशी, की आकाशात वीज चमकली, शेजारी मोटर सुरू झाली, तर तिचाही परिणाम लहरीच्या उंचीवरच होतो. रेडिओला गाणं कुठलं आणि वीज कुठली हे कळायला मार्ग नाही. म्हणून ती खरखर. त्यावर उपाय म्हणजे स्टेशनची ताकद वाढवत नेणं, एवढंच लोकांना सुचत होतं.

आर्मस्ट्राँगनं उंचीचा नाद सोडला. लहरीची उंची कायम ठेवायची आणि आवाजानुसार तिची फ्रिक्वेन्सी हलवायची, हे एफएम. रिसीव्हरमध्ये उंचीतले सगळे चढउतार छाटून टाकायचे, त्यांच्याबरोबर विजेची खरखरही जाते. कल्पना जुनीच होती, पण तज्ज्ञांनी ती मोडीत काढली होती. एटी अँड टी कंपनीचा गणिती इंजिनीअर जॉन कार्सन यानं १९२२ मध्ये गणित मांडून दाखवलं होतं, की अरुंद पट्ट्यात एफएमचा काहीही फायदा नाही. गणित बरोबर होतं. आर्मस्ट्राँगनं त्यातली अट बदलली. पट्टा अरुंद कशाला ठेवायचा? करा रुंद! पुढे एफएमच्या एका चॅनेलला २०० किलोहर्ट्झ जागा मिळाली. एएमचं काम १० किलोहर्ट्झमध्ये भागायचं. वीसपट रुंद रस्ता. त्या रस्त्यावरून खरखर तर गेलीच, वर आवाजही १५ किलोहर्ट्झपर्यंत पोचू लागला. एएमवर तो साधारण पाचच्या आसपास कापला जायचा. बासरीची फुंकर, झांजेची झिलई ही सगळी त्या वरच्या भागात असते.

या शोधाची पेटंटं त्याला २६ डिसेंबर १९३३ रोजी मिळाली. ५ नोव्हेंबर १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये इंजिनीअरांच्या सभेत त्यानं प्रात्यक्षिक दाखवलं. कार्यक्रम प्रक्षेपित होत होता यॉन्कर्समधल्या मित्राच्या घरातून. तिथं कुणीतरी ग्लासात पाणी ओतलं, कागद चुरगळला. सभागृहात ते जसंच्या तसं ऐकू आलं. त्याहून जास्त परिणाम झाला तो दोन आवाजांमधल्या शांततेचा. रेडिओ चालू आहे आणि काहीच ऐकू येत नाही, असं त्या लोकांनी आयुष्यात कधी अनुभवलं नव्हतं.

तुमच्या अ‍ॅपमधला 'क्वालिटी' नावाचा पर्याय म्हणजे हाच रुंद-अरुंद रस्ता. एफएममध्ये तो किलोहर्ट्झमध्ये मोजायचा, इथं सेकंदाला किती बिट जातात त्यावर. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला सेकंदाला साधारण १,४११ किलोबिट लागतात. १२८ चा एमपी३ म्हणजे त्याचा अकरावा हिस्सा, उरलेलं फेकून दिलेलं. फ्लॅकसारखा लॉसलेस प्रकार काहीही न फेकता फाइल लहान करतो. बरीच अ‍ॅप मोबाइल डेटावर स्वतःहून दर्जा खाली आणतात, तेव्हा वायफाय, डेटा आणि डाउनलोड या तिन्हींचं सेटिंग वेगवेगळं तपासा. यासाठी एक पैसा लागत नाही.

मात्र रस्ता किती रुंद करायचा यालाही मर्यादा आहे. माणसाच्या कानाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं आणि वयाबरोबर तेही कमी होतं. सीडीचे सेकंदाला ४४,१०० नमुने २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज टिपतात. त्यामुळे १९२ किलोहर्ट्झच्या जाहिरातीला भुलून खिसा रिकामा करू नका. ३२० आणि लॉसलेसमधला फरकसुद्धा अनेकांना ओळखता येत नाही. आवाजाची पातळी सारखी ठेवून मित्राला दोन्ही आलटून पालटून लावायला सांगा, तुम्ही स्क्रीनकडे पाठ करून ओळखा. दहापैकी पाचच बरोबर आली, तर पैसे स्पीकरसाठी राखून ठेवा.

साखळीतली अरुंद कडी

एफएमच्या चाचण्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून आरसीएच्याच परवानगीनं सुरू झाल्या होत्या. शंभरएक किलोमीटरवर, वादळातसुद्धा आवाज स्वच्छ येत होता. पण सार्नोफला हवी होती एएममध्येच बसवता येईल अशी खरखर घालवणारी छोटीशी युक्ती. आर्मस्ट्राँगनं त्याच्यापुढे नवी व्यवस्थाच ठेवली. नवी स्टेशनं, नवे रेडिओ, म्हणजे जुना सगळा धंदा मोडीत. कंपनीचा पैसा आणि लक्ष टीव्हीकडे वळलं होतं. १९३५ मध्ये आर्मस्ट्राँगला एम्पायर स्टेटवरून आपलं सामान काढून न्यायला सांगण्यात आलं.

मग त्यानं सगळं स्वतः उभारायचं ठरवलं. हडसनच्या पलीकडच्या काठावर, न्यू जर्सीतल्या अल्पाइन गावी, स्वतःच्या खिशातून त्यानं चारशे फुटांहून उंच टॉवर बांधला. १९३९ मध्ये तिथून पूर्ण ताकदीनं प्रक्षेपण सुरू झालं. जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्या एफएमचे रेडिओ बनवू लागल्या. पण एक अडचण उरलीच होती. त्या काळी एका शहरातला कार्यक्रम दुसऱ्या शहरातल्या स्टेशनपर्यंत टेलिफोनच्या तारांवरून जायचा आणि या तारा साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज नेत नसत. तारेतून आलेलं गाणं एफएमवरून लावलं, तर ते एएमसारखंच ऐकू येणार. म्हणून स्टेशनाहून स्टेशनापर्यंत कार्यक्रम हवेतून, एफएमनंच न्यायची पद्धत उभी राहिली. साखळीतली सगळ्यात अरुंद कडी शोधायची आणि ती आधी बदलायची, ही त्याची काम करायची रीत.

तुमच्या घरातही हीच साखळी आहे. फाइल, अ‍ॅप, नेटवर्क, फोन किंवा लॅपटॉप, डॅक, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि शेवटची कडी म्हणजे खोली. लॉसलेसचे पैसे भरून गाणं साध्या ब्लूटूथवर ऐकलं, तर ब्लूटूथ ते पुन्हा दाबून लहान करतं. झाली टेलिफोनची तार! अशा वेळी वायर जोडा किंवा वायफायवर चालणारा स्पीकर घ्या. डॅक म्हणजे आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप. ती तुमच्या फोनमध्ये किंवा हेडफोनच्या छोट्या जोडणीत असतेच आणि बहुधा ती बरी असते. मोठा फरक पडतो तो स्पीकरनं. बजेटचा मोठा वाटा तिकडे जाऊ द्या. एकाच डब्याऐवजी दोन वेगळे स्पीकर घ्या. ते कानाच्या उंचीवर, भिंतीपासून थोडे पुढे ठेवा. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण झाला पाहिजे. खोली घुमत असेल, तर जाड पडदा, गादी, पुस्तकांचं कपाट यांचा उपयोग होतो. हॉस्टेलच्या रिकाम्या भिंतींपुढे महागडं अ‍ॅम्प्लिफायर काही करू शकत नाही.

एका आदेशानं मुके झालेले रेडिओ

१ जानेवारी १९४१ पासून अमेरिकेत व्यावसायिक एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला. स्टेशनं वाढत होती, लोक रेडिओ विकत घेत होते. मग महायुद्ध आलं. आर्मस्ट्राँगनं आपली एफएमची पेटंटं सैन्याला फुकट वापरू दिली. युद्ध संपत आलं आणि जून १९४५ मध्ये सरकारी आयोगानं एफएमला उचलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेऊन ठेवलं. वातावरणातल्या अडथळ्यांचं कारण देण्यात आलं. आर्मस्ट्राँगनं ते खोडून काढायचा आटापिटा केला, पण व्यर्थ. लोकांच्या घरातले चार-पाच लाख एफएम रेडिओ पाहता पाहता मुके झाले. त्यांच्यात काहीही बिघाड नव्हता. त्यांच्याशी बोलणारं स्टेशनच उरलं नव्हतं. ज्यांनी हौसेनं नवं तंत्र आधी घेतलं होतं, त्यांचंच नुकसान झालं. त्यांचा भरवसा परत मिळवायला एफएमला वर्षं लागली.

स्ट्रीमिंगचं सामान घेताना हे लक्षात ठेवा. एखादा स्पीकर फक्त कंपनीच्याच अ‍ॅपवर चालत असेल, तर ते अ‍ॅप बंद पडलं की चांगला स्पीकरही खोकं होतो. म्हणून स्पीकरला वायर जोडायची सोय आहे ना, ते बघा. वाजवणारं यंत्र आणि आवाज देणारं यंत्र वेगळं ठेवा. स्पीकर पंधरा-वीस वर्षं टिकतात, स्ट्रीमिंगचं तंत्र पाच वर्षांत बदलतं. घरातला जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर खुल्या सॉफ्टवेअरवर उत्तम प्लेअर होतो. व्हीएलसी फुकट आहे आणि फ्लॅक वाजवतं. जे अल्बम जन्मभर हवेत, ते विकत घेऊन फाइलच्या रूपात स्वतःच्या डिस्कवर ठेवा.

शेवटची लढाई

आरसीएनं १९४० मध्ये एफएमच्या हक्कांसाठी एकरकमी १० लाख डॉलर देऊ केले होते. बाकीच्या कंपन्या विक्रीवर टक्केवारी देत होत्या. त्यांच्याशी अन्याय होईल म्हणून आर्मस्ट्राँगनं नकार दिला. आरसीएनं मग स्वतःची एफएम पद्धत पुढे केली. टीव्हीचा आवाजही एफएमवरच येत होता, पण त्याला पैसे मिळत नव्हते. १९४८ मध्ये तो कोर्टात गेला. एकट्या माणसासमोर वकिलांची फौज. साक्ष लांबत गेली, १९५० मध्ये मूळ पेटंटांची मुदत संपली, पैसा आटला. या काळात तो खटल्याशिवाय दुसरं काही बोलेनासा झाला. १९५३ च्या नोव्हेंबरात नवरा-बायकोचं भांडण झालं आणि मॅरियन बहिणीकडे निघून गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, न्यूयॉर्कच्या घरात एकटा असताना, त्यानं आपलं आयुष्य संपवलं. आकृतीवर नोटरीचा शिक्का घेतला, त्याला त्याच दिवशी ४१ वर्षं झाली होती.

काही महिने थांबला असता, तर? त्याच वर्षाच्या अखेरीस आरसीएनं मॅरियनला १० लाख डॉलरहून थोडी जास्त रक्कम देऊन तडजोड केली. बाकीच्या कंपन्यांशी ती एकेक करून लढत राहिली आणि १९६७ मध्ये शेवटचा खटलाही जिंकली. ज्या रात्री त्याला सगळं संपलं असं वाटलं, त्या रात्री ते संपलेलं नव्हतं. तुमच्यावर कधी अशी रात्र आली, तर तेवढं लक्षात ठेवा आणि कुणाला तरी फोन करा.

१९६१ मध्ये अमेरिकेत एफएमवर स्टिरिओ प्रक्षेपण आलं आणि सत्तरचं दशक संपेपर्यंत तिथल्या श्रोत्यांच्या संख्येत एफएमनं एएमला मागे टाकलं. आपल्याकडे पुण्या-मुंबईत, नागपुरात, पणजीत एफएमचा काटा फिरतो तो ८८ ते १०८ च्याच दरम्यान. अल्पाइनचा टॉवर अजून उभा आहे.

तेव्हा खरेदीची यादी करण्याआधी एक काम करा. तुमच्याकडे आत्ता जे आहे त्याची साखळी कागदावर काढा, फाइलपासून खुर्चीपर्यंत. प्रत्येक कडीपुढे दोन गोष्टी लिहा. ती किती रुंद आहे? आणि ती बंद करण्याचं बटण कुणाच्या हातात आहे? अरुंद कडी सापडली, की पैसे कुठं घालायचे ते दुकानदाराला विचारावं लागणार नाही.